लेझेझीचा कडा आणि कामगाराची सुट्टी



मी बोलायला उभा राहिलो म्हणजे बोनस, महागाई किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी काहीतरी निघणार, असे आपण धरून चालला असाल. आज मात्र मी आपणांस फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातल्या एका लहानशा खेड्यात नेणार आहे. गावाचे नाव लेझेझी. ते मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही. माझी शाळा सातवीत सुटली. त्यानंतर जे जग पाहिले ते बरेचसे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. या गावाची गाठही तिथेच पडली.

ती कशी पडली ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी एका जुन्या कारागिराची हक्काची रजा पडून राहिली होती. मी त्याला म्हटले, "दादा, रजा घ्या की!" तो म्हणाला, "भाऊ, लग्नं झाली, दुखणी झाली, गावची जत्राही झाली. आता नुसतं बसायला रजा कशाला?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. रजा मिळवून देणे एवढेच आमचे काम, असे मी समजत होतो. तिचे करायचे काय याचा विचारच केला नव्हता. तो करता करता मी १९३६ सालच्या फ्रान्सपर्यंत गेलो.

त्या वर्षी मे-जूनमध्ये फ्रान्सभर कामगारांनी संप केले आणि पुष्कळ ठिकाणी ते कारखान्यांतच ठाण मांडून बसले. जूनमध्ये समझोता झाला, आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला कायदा झाला की प्रत्येक कामगाराला वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी सुट्टी मिळाली पाहिजे. पण सुट्टी मिळाली तरी गाडीभाड्याचे काय? लेओ लाग्रांज नावाच्या तरुण उपमंत्र्याकडे खेळ आणि फुरसत यांचे खाते होते. त्याने रेल्वेचे सवलतीचे तिकीट काढविले. भाडे ४० टक्क्यांनी कमी झाले आणि पहिल्याच वर्षी सुमारे सहा लाख लोकांनी त्याचा लाभ घेतला. पुढे १९५६ साली तिसरा आठवडा मिळाला, १९६९ साली चौथा आणि १९८२ साली पाचवा. सुट्टी म्हणजे नुसता कामाचा अभाव नव्हे, हे तिथल्या चळवळीने ओळखले होते. प्रवासाचे भाडे आणि उतरायची जागा यांचाही विचार सुट्टीबरोबरच करावा लागतो.

आता त्या खेड्याकडे वळू. ज्याच्या हाती दोन आठवडे आहेत त्याला तिथे काय पाहावयास मिळते?

दोर्दोन्य जिल्ह्यात वेझेर नावाची नदी आहे. तिचे खोरे चुनखडीचे आहे. नदीने आणि थंडी-पावसाने हा खडक लाखो वर्षे झिजविला. मऊ थर आत गेले, कठीण थर बाहेर राहिले, आणि कड्यांच्या पोटाशी लांबच लांब ओसऱ्या तयार झाल्या. वर छप्पर, खाली कोरडी जागा, समोर पाणी, शेजारी गारगोटीचा दगड आणि हिमयुगात खोऱ्यातून जाणारे रेनडिअरचे कळप. आदिमानवाला आणखी काय हवे होते? लेझेझीतील काही घरे आजही अशाच कड्याला पाठ लावून उभी आहेत. मागची भिंत बांधावीच लागत नाही!

या ओसऱ्यांखाली काय दडले आहे ते जगाला १८६० नंतर कळू लागले. जवळच्या ला मादलेन येथे १८६४ साली हस्तिदंताचा एक तुकडा सापडला. त्यावर मॅमथ, म्हणजे केसाळ प्राचीन हत्ती, कोरलेला होता. जो प्राणी केव्हाच नामशेष झाला त्याचे चित्र काढणारा माणूस त्याच्याच काळात असला पाहिजे, हे उघड होते. पुढे १८६८ साली, रेल्वे आणि रस्ते यांची कामे चालू असताना, लेझेझीत माती काढणाऱ्या मजुरांना हाडे आणि दगडी हत्यारे लागली. ते क्रो-मान्योंचे प्रसिद्ध अवशेष. पंचवीस हजार वर्षांहून जुन्या अशा या माणसांच्या नावानेच पुढे युरोपातील आद्य आधुनिक मानव ओळखला जाऊ लागला. अहवालावर विद्वानाचे नाव आले, आणि ते योग्यही होते, कारण अर्थ त्याने लावला. पण पहिली कुदळ कोणाची होती हे आपण तरी विसरू नये.

दुसरा मान शाळामास्तरांचा. दनी पेरोनी हा लेझेझीच्या शाळेतला शिक्षक. सप्टेंबर १९०१ मध्ये कोंबारेल आणि फों-द-गोम या दोन गुहांतील चित्रे एका आठवड्याच्या आत उजेडात आली, आणि दोन्ही शोधांत हा मास्तर होता. एका गुहेत शेकडो कोरीव आकृती, दुसरीत तांबड्या-काळ्या रंगांतील गवे, घोडे, रेनडिअर. आदिमानव चित्रे काढू शकत होता हेच तेव्हा अनेक पंडितांना मान्य नव्हते. त्यांना या दोन गुहांनी माघार घ्यावयास लावली. पेरोनीच्याच खटपटीने कड्यावरचा जुना मोडका किल्ला १९१३ साली सरकारने घेतला आणि पुढे तिथे वस्तुसंग्रहालय झाले. त्याच्या सज्जावर १९३१ सालापासून आदिमानवाचा एक भव्य दगडी पुतळा खोऱ्याकडे पाहत उभा आहे.

पेरोनीच्या काळची आणखी एक गोष्ट ऐकण्याजोगी आहे. जवळच्या एका ओसरीच्या छतावर सुमारे मीटरभर लांबीचा सामन मासा कोरलेला आहे. तो सापडला १९१२ साली, आणि लगोलग तो छतातून कापून परदेशी विकण्याचा घाट घातला गेला. वेळीच ते काम थांबविण्यात आले. मासा जागेवर राहिला, पण त्याच्याभोवतीच्या छिन्नीच्या खोल चरी आजही दिसतात. जे सर्वांचे आहे ते एकाच्या खिशात जाता जाता कसे वाचले, याची ती खूण आहे.

पण या खोऱ्यात दिवसभर गुहाच पाहायच्या असे नाही. ज्याला चालायचे आहे त्याच्यासाठी पायवाटा आहेत. लांब पल्ल्याच्या पदयात्रेच्या वाटा आखण्याचे काम फ्रान्समध्ये १९४७ साली रीतसर सुरू झाले. झाडावर किंवा दगडावर वर पांढरा आणि खाली तांबडा असा पट्टा दिसला की वाट बरोबर आहे. त्याच रंगांची फुली दिसली की परत फिरावे. हे पट्टे रंगविण्याचे काम बहुतांशी हौशी स्वयंसेवक करतात. अशा दोन मोठ्या वाटा, ६ आणि ३६ क्रमांकांच्या, लेझेझीतून जातात. वाटेत ओक आणि चेस्टनटची राने लागतात, आणि कुठे बाराव्या शतकातले, किल्ल्यासारख्या भिंतींचे देऊळही लागते.

ज्याला पाणी आवडते त्याने होडी घ्यावी. वल्ह्याच्या हलक्या होडीतून वेझेरच्या प्रवाहाबरोबर खाली येता येते. वाटेत ला रोक सेंत-क्रिस्तोफ नावाचा सुमारे ऐंशी मीटर उंच आणि किलोमीटरभर लांब कडा आहे. मध्ययुगात त्याच्या थरांवर चक्क एक गाव वसले होते. १५८८ साली धर्मयुद्धांच्या धामधुमीत ते उद्ध्वस्त झाले. तुळयांसाठी खोदलेल्या खोबण्या अजून तिथे आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी हा सारा खटाटोप केला ती सांगतो. नदीने वर गेले की मोंतिन्याक हे गाव लागते. तिथे १२ सप्टेंबर १९४० रोजी, देश शत्रूच्या टाचेखाली असताना, चार मुले जमिनीतल्या एका भोकातून आत उतरली. त्यांचा म्होरक्या मार्सेल राविदा अठरा वर्षांचा, गॅरेजमध्ये काम शिकणारा उमेदवार. आतमध्ये लास्कोची चित्रे होती! युद्धानंतर १९४८ साली गुहा सर्वांना खुली झाली आणि लोक लोटले. पुढे दिवसाला हजाराहून अधिक माणसे येऊ लागली. एवढ्या माणसांच्या श्वासाने, घामाने आणि दिव्यांच्या उजेडाने भिंतींवर हिरवे शेवाळ धरले. सतरा हजार वर्षे टिकलेली चित्रे पंधरा वर्षांत धोक्यात आली. एप्रिल १९६३ मध्ये सरकारने गुहा बंद केली. अजिंठ्याच्या लेण्यांत मंद उजेडात उभे राहिलेल्यांना या काळजीचा अर्थ सहज कळेल.

माझे सारे आयुष्य बंद फाटकांपुढे उभे राहण्यात गेले. बंद दार दिसले की ते कोणीतरी गरिबाच्या तोंडावर लावले आहे, असेच मला प्रथम वाटते. लास्कोबद्दल वाचतानाही आधी तेच वाटले. सामान्य माणूस सुट्टी घेऊन दारापर्यंत पोचला, तोच दार लागले! पण विचार केल्यावर मत बदलले. हे दार श्रीमंतालाही बंद झाले. आणि सामान्यांना नुसते परतवून लावले नाही. जवळच त्या गुहेची हुबेहूब प्रतिकृती करण्यात आली. मापे मिलिमीटरपर्यंत घेऊन आणि जुन्यांसारखेच मातीचे रंग वापरून केलेली ती प्रतिकृती १९८३ साली खुली झाली. २०१६ साली आणखी मोठी झाली. तिकडे फों-द-गोममध्ये खरी चित्रे अजून पाहता येतात, मात्र मोजक्या माणसांच्या लहान तुकड्यांनीच आत जावे लागते.

यातून मी एक नियम काढला आहे. जी वस्तू सर्वांची आहे तिच्यावर मर्यादा घालावी लागली तर ती पैशाने घालू नये, संख्येने घालावी. आणि ज्यांना आत घेता येत नाही त्यांच्यासाठी दुसरी सोय करावी. नुसते 'उघडा' म्हणणे सोपे आहे आणि नुसते 'बंद करा' म्हणणे त्याहून सोपे. दोहोंच्या मधली वाट कष्टाची आहे, म्हणून ती चळवळीने हाती घेतली पाहिजे.

त्या कारागिराला मी आता सांगतो, "दादा, रजा बसायला नाही. मजुराच्या कुदळीने, मास्तराच्या खटपटीने आणि गॅरेजमधल्या पोराच्या धिटाईने जे उजेडात आले, ते आपल्याच माणसांनी शोधलेले आहे. तसे आपल्याही जवळपास पुष्कळ आहे. जाऊन बघा, आणि घरच्यांना बरोबर न्या."

तो अजून गेलेला नाही. पण परवा त्याने विचारले, "भाऊ, एसटीला सवलत मिळते का हो?" उत्तर मिळायला लागले आहे, असे मी समजतो.