ऊन, उपास आणि मनाच्या आजारावरच्या गोळ्या

एप्रिल अर्धा सरला की सोलापुरात पारा ४२-४३ अंशांवर जातो. यंत्रमागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये तर त्याहून जास्त उकडतं. दुपारभर अंग घामाने निथळत असतं आणि त्या घामानेच शरीर थंड राहतं. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्या काही जणांना मात्र पुरेसा घामच येत नाही. हातापायांचा ताठरपणा आणि कंप कमी व्हावा म्हणून दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी घाम कमी करते. क्लोरप्रोमाझिन, हॅलोपेरिडॉल, ओलान्झापिन ही भ्रम-भासांवरची औषधं मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्रावर परिणाम करतात. अशा माणसाला उष्माघात इतरांपेक्षा लवकर गाठतो. चिठ्ठी बरोबर, मात्रा बरोबर, वेळ बरोबर, आणि तरीही तो भर दुपारी कोसळू शकतो.

उष्माघाताची सुरुवात पुष्कळदा बोलण्यातल्या गोंधळाने होते. घरच्यांना वाटतं, आजार उलटला. मग जास्तीची गोळी दिली जाते आणि खोलीचं दार लावलं जातं. खरं तर आधी कपाळाला हात लावून पाहायला हवं. अंग तापलेलं असेल, चालताना तोल जात असेल, तर त्याला सावलीत आणून अंगावर पाणी मारत तातडीने दवाखाना गाठायचा असतो.

मनाच्या औषधांबद्दलची चर्चा बहुतेक वेळा गोळी चांगली की वाईट, यावरच अडकते. गोळी गिळल्यानंतर त्या माणसाकडे कोण लक्ष देतं, हा प्रश्न मागे राहतो आणि सुरक्षितता मुख्यतः त्यावरच ठरते. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, म्हणजे सगळ्यांचं ‘सिव्हिल’, जवळ आहे. पण पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या राज्याच्या जुन्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी जवळचं म्हणजे पुण्यातलं येरवड्याचं, अडीचशे किलोमीटरवर. अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळ्याच्या गावांत डॉक्टरांची भेट महिन्यातून एकदा होते. मधले २९ दिवस औषधाची राखण आई, बायको, भाऊ, फार तर आशाताई करतात. म्हणून वॉर्डातल्या सिस्टर जे पाहतात, ते घरातल्यांनाही पाहता आलं पाहिजे.

सगळ्यात पसरलेला गैरसमज म्हणजे या साऱ्या झोपेच्या गोळ्या असतात आणि त्यांची सवय लागते. सवय लागण्याचा धोका खरा आहे, पण तो अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गटाच्या गोळ्यांचा. त्या दीर्घकाळ घेऊन एकदम बंद केल्या तर झटकेही येऊ शकतात. नैराश्यावरच्या औषधांची नशा चढत नाही आणि मात्रा वाढवत नेण्याची ओढ लागत नाही. तीही अचानक बंद केली तर चक्कर, मळमळ, बेचैनी असा त्रास होतो, म्हणून हळूहळू कमी करावी लागतात. शिवाय त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. हा काळ नाजूक असतो. कधी मन अजून काळवंडलेलं असताना हातापायांत मात्र बळ परत येतं. पंचविशीच्या आतल्या तरुणांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवर छापायला लावला आहे. अशा वेळी गोळ्यांचं अख्खं पाकीट रुग्णाच्या उशाशी ठेवू नये. एका आठवड्यापुरत्याच आणाव्यात, त्याही दुसऱ्या कुणीतरी जपून ठेवाव्यात. आणि मरणाचे विचार येतात का, हे थेट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही भीती निराधार आहे.

‘आता बरं वाटतंय, मग गोळी कशाला?’ हा प्रश्न रुग्णाचा हक्काचा आहे आणि त्याला दमदाटीने उत्तर देऊ नये. स्किझोफ्रेनियाबाबत उत्तर आकड्यांत आहे. २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये ६५ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध चालू ठेवलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के रुग्णांचा आजार वर्षभरात उलटला. ज्यांचं औषध काढून नुसती दिखाऊ गोळी दिली, त्यांच्यात हे प्रमाण ६४ टक्के होतं. रोजची गोळी जमत नसेल तर पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने घ्यायची इंजेक्शनं आहेत. मात्र त्या इंजेक्शनची तारीख कुणीतरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायला हवी.

लिथियमची गोष्ट पंढरपूर असलेल्या जिल्ह्यात सविस्तर सांगायलाच हवी. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादावर या साध्या क्षाराचा उपयोग दाखवला आणि मन कधी उसळतं, कधी बुडतं अशा बायपोलर आजारावर आजही ते प्रमुख औषध आहे. अडचण एवढीच की उपयोगी प्रमाण आणि विषारी प्रमाण यांत अंतर थोडं आहे. रक्तात लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट हवं; १.५ च्या वर गेलं की विषबाधेची चिन्हं दिसू लागतात. तपासणीचं रक्त आदल्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं असतं. सकाळची गोळी खाऊन प्रयोगशाळेत गेलं तर आकडा फसवा येतो.

मूत्रपिंडं लिथियमला जवळपास मिठासारखंच वागवतात. अंगातलं पाणी आणि मीठ कमी पडलं की ती मीठ धरून ठेवतात, आणि त्याबरोबर लिथियमही. आता निर्जळी एकादशी, अळणी उपास, रमजानचे रोजे, जुलाब-उलट्या आणि वारीतली पायपीट एकेक करून डोळ्यांसमोर आणावी. साबुदाणा, शेंगदाणे खाऊन आणि पाणी पिऊन केलेल्या एकादशीने सहसा बिघडत नाही. घोटभर पाणी न घेता काढलेला उकाड्याचा दिवस बिघडवू शकतो. ‘उपास सोडा’ असा सरसकट हुकूम दिला तर माणूस उपास सोडत नाही, सिस्टरना सांगणं तेवढं सोडतो. त्यापेक्षा उपास कसा करता, पाणी चालतं का, किती दिवस, हे आधी विचारून डॉक्टरांशी बोलणं बरं. वारीत गुडघे दुखले की मेडिकलमधून घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनही रक्तातलं लिथियम वाढवते. त्याऐवजी पॅरासिटॅमॉल बरी. रक्तदाबावरच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, तेच करतात.

हाताला बारीक कंप लिथियमवर बऱ्याच जणांना असतो. तो ठळक झाला, उलट्या-जुलाब सुरू झाले, जीभ जड झाली, पाय लटपटू लागले, तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. रस्त्यावरच्या लोकांना असा माणूस प्यायलेला वाटतो. म्हणून ‘मी लिथियम घेतो’ असं लिहिलेला कागद खिशात असणं मोलाचं आहे.

आणखी एक दृश्य फार गैरसमजाचं. नवं औषध सुरू होऊन दोन-चार दिवस झालेले असतात आणि तरुण मुलाची मान एकाएकी एका बाजूला वळते. डोळे वर जातात, जबडा आवळतो, जीभ बाहेर येते. घरात कुणीतरी म्हणतं, अंगात आलं. कुणी देवऋषाकडे न्यायला निघतं. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने स्नायू आखडल्याचा हा परिणाम आहे आणि प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने तो बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. घशाचे स्नायू आवळले तर मात्र श्वासाला धोका असतो, म्हणून वाट पाहायची नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याआधी एक साधी गोष्ट उपयोगी पडते. असं होऊ शकतं, हे सिस्टरनी घरी पाठवताना सांगितलेलं असावं.

याच औषधांनी कधी विलक्षण अस्वस्थता येते. माणूस बसू शकत नाही, घरभर येरझाऱ्या घालतो, उभ्या जागी पाय बदलत राहतो. घरच्यांच्या लेखी आजार वाढलेला असतो, आणि डॉक्टरांना नुसतं ‘फार चिडचिड करतो’ एवढंच सांगितलं तर औषधाची मात्रा वाढू शकते. म्हणजे त्रासही वाढतो. त्याला विचारावं, ‘मनात घालमेल आहे, की पायच स्वस्थ बसू देत नाहीत?’ उत्तर जसंच्या तसं डॉक्टरांच्या कानावर घालावं.

ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून या रुग्णांत सोडून देता येत नाही. तापाबरोबर अंग लाकडासारखं ताठ झालं, घाम सुटला, शुद्ध हरपू लागली, तर ती भ्रम-भासांवरच्या औषधांची दुर्मीळ पण जीवघेणी प्रतिक्रिया असू शकते. औषध थांबवून थेट सिव्हिल गाठावं. क्लोझापिन घेणाऱ्याला ताप आणि घसादुखी झाली तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच दिवशी मोजायच्या. १९७५ साली फिनलंडमध्ये पांढऱ्या पेशी घटून रुग्ण दगावले आणि हे औषध बऱ्याच देशांतून मागे घेतलं गेलं. इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावर त्याच्याइतकं गुणकारी दुसरं नाही, म्हणून ते परत आलं, पण रक्ततपासणीच्या अटीवर. पहिले १८ आठवडे ही तपासणी दर आठवड्याला करतात. रक्ताची भीती सगळ्यांना सांगितली जाते; बद्धकोष्ठाची सांगायची राहून जाते. क्लोझापिनने आतडी इतकी मंदावू शकतात की जीवावर बेततं. वॉर्डातल्या सिस्टर रोज सकाळी ‘पोट साफ झालं का?’ विचारतात, तो प्रश्न घरीही विचारला गेला पाहिजे. शिवाय क्लोझापिन दोन दिवसांहून जास्त चुकलं तर पूर्वीच्या मात्रेने आपणहून सुरू करायचं नाही. डॉक्टर ते पुन्हा थोड्या मात्रेपासून चढवतात.

सोलापूर विड्यांचं शहर आहे. हजारो बायका इथे घरोघरी विड्या वळतात आणि ओढणारेही कमी नाहीत. विडी-सिगारेटच्या धुराने यकृतातली एक यंत्रणा वेगाने चालू लागते आणि क्लोझापिन, ओलान्झापिन शरीरातून लवकर निघून जातात. ओढणाऱ्याला म्हणूनच जास्त मात्रा लागते. तो वॉर्डात दाखल झाला, विडी बंद झाली, की तीच मात्रा आठवडाभरात जड होते. गुंगी, लाळ, कधी झटकेही. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. तंबाखू चघळल्याने तो होत नाही. त्यामुळे दाखल करताना ‘तंबाखूचं व्यसन आहे का?’ एवढ्यावर भागत नाही. ओढता की चघळता, दिवसाला किती, हे नोंदवावं लागतं. विडी सोडणं चांगलंच आहे, फक्त सोडताना डॉक्टरांना सांगून सोडावी.

‘ॲलोपॅथीने साइड इफेक्ट होतात, झाडपाल्याने नाही,’ असंही ऐकू येतं. मनाच्या आजारावरच्या पहिल्या आधुनिक औषधांपैकी एक झाडपाल्यातूनच आलं. सर्पगंधेवर गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली लिहिलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरच्या तिच्या उपयोगाविषयीचा निबंध १९४९ साली ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापला. तिच्यातून रेझरपिन वेगळं काढलं गेलं, जगभर वापरलं गेलं, आणि ते घेणाऱ्या काही रुग्णांत नैराश्य आल्याच्या नोंदीही झाल्या. ज्या वनस्पतीत गुण आहे तिच्यात दोषही असू शकतो. घरी काढा, चूर्ण, मात्रा जे काही चालू असेल ते सिस्टरना सांगायला संकोच नको, आणि ऐकणाऱ्यानेही रागवायला नको.

गोळी गुपचूप भाजीत किंवा आमटीत मिसळणं हे अनेक घरांतलं वास्तव आहे आणि त्यामागची अगतिकता खरी असते. तरी त्याचे धोके उघड आहेत. अर्धी भाजी ताटात राहिली तर किती औषध पोटात गेलं, कळत नाही. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली तर सगळं औषध एकदम अंगात उतरतं. तेच ताट लहान मुलाच्या हाती लागू शकतं. आणि ज्याला ‘घरचे जेवणात काहीतरी घालतात’ हाच संशय आहे, त्याला एक दिवस गोळीचा चुरा सापडला तर त्याचा संशय खरा ठरतो. मग तो जेवणही नाकारतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला आपला प्रतिनिधी नेमण्याचा आणि उपचार कसे हवेत-नकोत हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क दिला आहे; साखळीने बांधण्यावर पूर्ण बंदी घातली आहे. बरं असतानाच त्याच्याशी बसून हे लिहून काढलं, तर पुढच्या वेळी झटापटीची पाळी कमी येते.

घरी सोडतानाची दहा मिनिटं म्हणूनच फार महत्त्वाची. सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलली जाते. चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलेलं ‘एक-शून्य-एक’ पद्मशाली घरातल्या आजींना वाचता येईलच असं नाही. सकाळच्या गोळ्या एका डबीत, रात्रीच्या दुसऱ्या रंगाच्या डबीत, असं करून दाखवावं. मग ‘समजलं का?’ न विचारता, ‘अम्मा, आता तुम्ही मला सांगा, रात्री कोणती द्यायची?’ असं विचारावं. पहिले काही दिवस अंथरुणातून एकदम उठायचं नाही, आधी काठावर बसायचं, कारण रक्तदाब उतरून पडायला होतं. दर महिन्याला वजन पाहायचं आणि डॉक्टर सांगतील तेव्हा साखर तपासायची, कारण ओलान्झापिनसारख्या औषधांनी दोन्ही वाढतात. मूल व्हावं अशी इच्छा असेल तर तसं आधीच सांगायचं. बायपोलर आजारावर दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक ठरू शकतं आणि बदल करायला डॉक्टरांना वेळ लागतो. कागदाच्या तळाशी पुढच्या भेटीची तारीख, आणि रात्रीअपरात्री बोलायला सरकारी टेलिमानसचा विनामूल्य क्रमांक, १४४१६, मोठ्या अक्षरांत.