दहिसरच्या चिखलाचा हिशेब

तुळशी तलावाच्या बाजूने निघालेली दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानातून बाहेर पडते तेव्हा बऱ्यापैकी स्वच्छ असते. जेमतेम बारा किलोमीटरांचा प्रवास करून ती मनोरीच्या खाडीला मिळते तेव्हा काळी झालेली असते. मधल्या वस्तीतले तबेले, गटारे आणि काठाच्या काँक्रीटच्या भिंती यांनी तिचा नाला करून टाकला आहे. तरीही तिच्या तोंडाशी, गोडे आणि खारे पाणी एकमेकांत मिसळते तिथे, तिवर आणि चिपी चिखलात उभी आहेत. मुळांशी निवट्या उड्या मारतात, चिंबोऱ्या बिळे करतात, कोळंबीची पिल्ले आडोसा धरतात. वर्सोव्याहून भाईंदरकडे जाणारा सागरी किनारा मार्ग याच पट्ट्यातून जायचा आहे. 2025 च्या डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यासाठी खारफुटी तोडायला परवानगी दिली. बाधित होणाऱ्या 45 हजारांवर झाडांच्या तिप्पट खारफुटी लावण्याचे महापालिकेचे आश्वासन आहे. वळवलेल्या वनजमिनीची भरपाई म्हणून राज्याच्या दुसऱ्या टोकाला, चंद्रपूर जिल्ह्यात, वेगळे वनीकरण होणार आहे. कागदावर हा व्यवहार फायद्याचाच दिसतो. पण त्यात झाडे मोजली आहेत, आणि किनाऱ्यावर झाड ही मोजण्याची पहिली गोष्ट नव्हे.

खारफुटी कुठे उगवते हे भरतीच्या पाण्यावर ठरते. साधारणपणे समुद्राची सरासरी पातळी आणि उधाणाच्या भरतीची रेषा यांमधला अरुंद पट्टा तिचा असतो. त्याच्या खाली रोप लावले तर ते पाण्यात बुडून गुदमरते. फार वर लावले तर जमीन सुकते. म्हणून बियांची कमतरता ही खारफुटीची अडचण सहसा नसते. बिया भरतीबरोबर आपोआप येतात आणि जागा मानवली तर रुजतात. अमेरिकेतले पर्यावरणशास्त्रज्ञ रॉबिन लुईस यांनी हीच गोष्ट कामाचे सूत्र केली. फ्लोरिडातल्या वेस्ट लेक पार्कमध्ये त्यांनी जमिनीची उंची नीट केली, बुजलेले पाण्याचे मार्ग मोकळे केले आणि बाकीचे काम भरतीवर सोपवले. सुमारे 500 हेक्टर खारफुटी परत आली. याच्या अगदी उलट अनुभव श्रीलंकेत आला. 2004 च्या त्सुनामीनंतर तिथे मोठ्या उत्साहाने हजारभर हेक्टरांवर लागवड झाली आणि त्यातल्या जेमतेम पाचव्या हिश्श्यावर खारफुटी टिकली. लावणाऱ्यांची कळकळ खरी होती, जागा मात्र चुकीची होती.

समुद्री गवताची कथाही याच वळणाची आहे. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या किनारी खाड्यांमध्ये 1930 च्या दशकात रोगाने आणि वादळाने गवताची कुरणे साफ झाली, आणि त्यांच्या आधाराने वाढणारे शिंपलेही संपले. या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे सात कोटींहून अधिक बिया पसरल्या गेल्या आणि आज हजारो एकरांवर गवत डोलते आहे. ही सगळी बियांची करामत वाटेल. पण तिथले पाणी स्वच्छ होते आणि ज्या रोगाने गवत मारले तो ओसरला होता. फक्त बी तिथवर पोचत नव्हते, ते माणसांनी पोचवले. गढूळ, सांडपाण्याने भरलेल्या खाडीत त्याच बिया टाकल्या असत्या तर सूर्यप्रकाशाअभावी त्या चिखलात कुजल्या असत्या. दहिसरच्या खाडीतला गोंधळ नेमका हा आहे. इथे खारफुटी कमी होण्याची कारणे, म्हणजे डेब्रिजचा भराव, अडलेले पाणी आणि नदीतून येणारी घाण, जागच्या जागी आहेत, आणि उपाय म्हणून रोपे मोजली जात आहेत.

यावर कोणी म्हणेल की महाराष्ट्रात खारफुटी वाढतेच आहे, मग एवढी ओरड कशाला? भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत राज्याचे खारफुटीचे क्षेत्र 2013 मध्ये 186 चौरस किलोमीटर होते, ते 2021 मध्ये 324 झाले, आणि 2023 च्या अहवालात 315 वर आले. आधीची वाढ खोटी नाही. 2005 च्या ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीला चाप लावला, 2012 मध्ये वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला. त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण उपग्रहाच्या चित्रात हिरवा दिसणारा प्रत्येक ठिपका आनंदाचा नसतो. खाडीत गाळ साचून चिखलाची मैदाने उंचावली की तिथे तिवर पसरते. नकाशावर क्षेत्र वाढते आणि ज्या उघड्या चिखलावर रोहित पक्षी अन्न शोधतात तो आटतो. ठाणे खाडीत पक्षी अभ्यासकांना ही काळजी बऱ्याच काळापासून आहे. तेव्हा तिप्पट रोपांसाठी रिकामा चिखल शोधताना, तो रिकामा नसून कुणाचे तरी ताट आहे, हे आधी पाहावे लागेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दहिसर, बोरिवली, मिरा रोडचा माणूस रोज दोन-तीन तास रेल्वेत आणि द्रुतगती मार्गावर घालवतो; त्याला झाडांची कौतुके सांगणे निर्दयपणाचे आहे. हे खरे आहे, आणि दहिसरला रस्ता नकोच असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण खारफुटीच्या जागेवर वसलेल्या गणपत पाटील नगरातल्या झोपड्यांवर अतिक्रमण म्हणून हातोडा पडतो आणि त्याच चिखलावर खांब उभे राहतात तेव्हा ते सार्वजनिक हित ठरते. हा फरक कायद्याने मान्य असला तरी लोकांच्या नजरेतून सुटत नाही. खारफुटीबाबतच्या उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानेही सार्वजनिक हिताच्या कामाला न्यायालयाच्या परवानगीची वाट ठेवली आहे. म्हणून वाद ‘रस्ता की झाड’ असा मांडण्यापेक्षा तो रस्ता कसा बांधला जाईल यावर यायला हवा: खांबांवर की भरावावर, बांधकामाची तात्पुरती वाट नंतर खरोखर खणून काढली जाईल का, आणि मधले ओहोळ उघडे राहतील का. ओहोळ तुटला की त्याच्या मागचे तिवर कुऱ्हाडीशिवायच वाळते, आणि तोडलेल्या झाडांच्या यादीत ते येत नाही.

तिसरा आक्षेप कोळीवाड्यांतून येतो, आणि तो मालवणने शिकवला आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे 29.12 चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झाले. प्रवाळ होते, मासे होते, हेतू चांगला होता. पण जाळी बंद होतील या धास्तीने मच्छीमार विरोधात उभे राहिले आणि अभयारण्य बरीच वर्षे नुसते नकाशावर राहिले. पुढे खेकडापालन, कालवांची शेती, लहान पिल्ले निसटू देणारी चौकोनी आसाची जाळी असे प्रयोग मच्छीमारांबरोबरच झाले, तेव्हा कुठे बोलणे सुरू झाले. बाहेरून लादलेले संरक्षण टिकत नाही, हे गोराई-मनोरीच्या बाबतीतही तितकेच खरे ठरेल. भांगाच्या दिवसांत कुठवर पाणी येते, उधाणाला कोणता ओहोळ आधी भरतो, गेल्या पाच वर्षांत कोणता बुजला, हे तिथल्या डोलकरांना आणि चिंबोऱ्या पकडणाऱ्या बायकांना आधीच माहीत असते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भरतीची पातळी दर महिन्याला मोजून ती जाहीर करायची आणि मोजणारे हात त्यांचे ठेवायचे, एवढी अट परवानगीला जोडायला फारसा खर्च येणार नाही. एक खुणा केलेली काठी आणि एक वही पुरेल.