ग्रंथालयाची धास्ती आणि हातातला मोबाइल

विद्यापीठाच्या ग्रंथालयात पहिल्यांदा शिरणाऱ्या विद्यार्थ्याला पुस्तकांच्या आधी भेटते ती धास्ती. कॉन्स्टन्स मेलन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी 1986 मध्ये या धास्तीवर एक निबंध प्रसिद्ध केला. दोन वर्षांत सुमारे 6,000 विद्यार्थ्यांची त्यांनी पाहणी केली होती. ग्रंथालयात संदर्भ शोधताना काय वाटले, हे विद्यार्थ्यांनी रोजनिशीत लिहायचे होते. त्यातल्या 75 ते 85 टक्के विद्यार्थ्यांनी पहिला अनुभव भीतीच्या भाषेत मांडला. इमारत अवाढव्य, काय कुठे आहे ठाऊक नाही, सुरुवात कशी करायची तेही कळत नाही. त्याहून बोचणारी गोष्ट वेगळीच होती. बाकीच्यांना हे सगळे येते, आपल्यालाच येत नाही. विचारायला गेलो तर अडाणीपणा उघडा पडेल, असे त्यांना वाटे. म्हणून ते विचारतच नसत. समाजमाध्यमांचा ग्रंथालयाला खरा उपयोग आहे तो या न विचारलेल्या प्रश्नांसाठी. पुस्तकांची जाहिरात ही त्यानंतरची गोष्ट.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत या धास्तीला आणखी एक कारण असते. कनिष्ठ महाविद्यालयात बहुधा खिडकीशी चिठ्ठी द्यायची आणि आतून पुस्तक यायचे. विद्यापीठात मात्र उघडी कपाटे, संगणकावरची ग्रंथसूची, पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे आणि ई-नियतकालिकांचे पासवर्ड एकदम अंगावर येतात. पुष्कळांसाठी मग ग्रंथालय म्हणजे पंख्याखालची जागा मिळाली तर बरी, अशी अभ्यासिका एवढेच उरते. ग्रंथपालांशी पहिली गाठ पडते ती ‘नो ड्यूज’च्या सहीसाठी. प्रवेशानंतरच्या उद्बोधन वर्गात ग्रंथालयाची ओळख करून देतात खरी, पण तेव्हा कुणालाच काही शोधायचे नसते. गरज लागते ती पहिला प्रकल्प किंवा निबंध अंगावर येतो तेव्हा, आणि तोवर ते व्याख्यान विसरलेले असते.

फेसबुक 2006 मध्ये सर्वांसाठी खुले झाले, त्यानंतर अनेक ग्रंथालयांनी तिथे आपापली पाने उघडली. बहुतेकांनी दारावरचा सूचनाफलक तसाच्या तसा तिथे नेऊन टांगला: वेळा, सुट्ट्या, दंडाचे नवे दर. विद्यार्थी तो दारावर वाचत नव्हते, पडद्यावरही वाचला नाही.

वेगळी वाट धरणाऱ्यांत अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे हॅरोल्ड बी. ली ग्रंथालय ठळक ठरले. 2010 च्या सुरुवातीला ओल्ड स्पाइसची एक जाहिरात तिकडे घरोघर गाजत होती. टॉवेल गुंडाळलेला नट आयझाया मुस्तफा कॅमेऱ्यात रोखून बोलतो, बोलता बोलता न्हाणीघरातून जहाजावर जातो आणि शेवटी घोड्यावर बसलेला दिसतो. त्याच वर्षी जुलैमध्ये या ग्रंथालयाने ‘न्यू स्पाइस’ नावाची नक्कल यूट्यूबवर टाकली. बोलण्याची ढब तीच, ऐट तीच. फक्त सुगंधाच्या जागी अभ्यास आणि जहाजाच्या जागी ग्रंथालय. चित्रफीत लाखो वेळा पाहिली गेली. गंमत म्हणजे त्याच विद्यापीठाच्या आवारात 2009 पर्यंत यूट्यूब बंद ठेवलेले होते!

हे यश नुसत्या विनोदाचे नव्हते. मूळ जाहिरात तरुणांच्या तोंडी असतानाच, म्हणजे अवघ्या काही महिन्यांत, नक्कल तयार झाली. मंजुरीचे कागद टेबलांवरून फिरत राहिले असते तर ती शिळी झाली असती. शिवाय ‘ग्रंथालयात या’ असा उपदेश तिने केला नाही. ग्रंथालय स्वतःची थट्टा करू शकते एवढेच तिने दाखवले, आणि ज्याची थट्टा करता येते त्याची भीती कमी होते. मात्र चित्रफीत पाहिलेल्या लाखोंपैकी फारच थोडे त्या विद्यापीठाचे विद्यार्थी असणार, हेही ध्यानात घ्यायला हवे.

म्हणूनच रोजच्या कामात साधे, छोटे आणि स्थानिक तेच जास्त उपयोगी पडते. भारतात टिकटॉकवर जून 2020 मध्ये बंदी आली. त्यानंतर इन्स्टाग्रामची रील्स आणि यूट्यूबच्या छोट्या चित्रफिती यांनी ती जागा घेतली. अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये एखादा वरच्या वर्गातला विद्यार्थी 891.46 या आकड्याचे कोडे सोडवून दाखवू शकतो: ड्यूई वर्गीकरणात 800 म्हणजे साहित्य आणि 891.46 म्हणजे मराठी साहित्य. हा आकडा दिसलेल्या कपाटापुढे उभे राहिले की मराठी कादंबऱ्या, कविता, समीक्षा तिथेच आसपास सापडतात. हेच ग्रंथपालांनी टेबलामागून सांगितले तर तो पाठ होतो. सोबत्याने सांगितले तर युक्ती वाटते. घरून ई-नियतकालिक कसे उघडायचे, पुस्तकाची मुदत कशी वाढवायची, फोटोकॉपी कुठे मिळते, असे विषय संपता संपत नाहीत.

पण रीलपेक्षाही मोलाचा आहे तो खालचा संदेशपेटीचा रकाना. चारचौघांत विचारायला लाजणारा विद्यार्थी तिथे निःसंकोच विचारतो. त्याला दोन दिवसांनी ‘कार्यालयात संपर्क साधावा’ असे उत्तर आले, तर तो पुन्हा विचारणार नाही. उत्तर देणारी व्यक्ती नेमलेली नसेल तर खाते न उघडलेलेच बरे. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांपैकी चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. तो संदेशपेटीलाही लागू पडतो.

काही पथ्ये आहेत. कोणी कोणते पुस्तक नेले ही खासगी बाब आहे. ‘या आठवड्यातला उत्तम वाचक’ म्हणून फोटो झळकवण्याआधी त्या विद्यार्थ्याची परवानगी घ्यावी लागते. व्हॉट्सअ‍ॅप गटातून सगळ्यांचे मोबाइल क्रमांक सगळ्यांना दिसतात, म्हणून नुसत्या सूचना द्यायच्या असतील तर चॅनेल बरे. आणि स्मार्टफोन किंवा डेटा नसलेल्यांसाठी दारावरचा कागदी फलक काढून टाकता येत नाही.

यश लाइकच्या संख्येत मोजण्याचा मोह होतोच. त्यापेक्षा पहिल्या सत्रात किती नव्या विद्यार्थ्यांनी पुस्तक नेले आणि त्यातले किती दुसऱ्यांदा आले, हे पाहावे. दोन्ही आकडे ग्रंथालयाच्या देवघेवीच्या संगणकात आधीपासूनच नोंदलेले असतात.