वीस वर्षे टिकेल का?

१९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, खेड्यातल्या बाईला तो फारशा श्रमांवाचून ८ तास चालवता यावा, तो २० वर्षे टिकावा आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या शेकडा ५ च्या आत व्हावी. किर्लोस्करवाडीचे यंत्रही स्पर्धेत उतरले. पण बक्षीस अखेर कुणालाच मिळाले नाही. वर्ध्याचे मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडले, ते ज्या मगनलाल गांधींच्या नावाने, त्यांच्याच नावाचा चरखा पायाने चालतो. दोन्ही हात सुटे राहतात आणि एकाच वेळी दोन धागे निघतात!

हे सारे आठवण्याचे कारण हल्लीची ‘नो-कोड’ साधने. संगणकाकडून काम करून घ्यायचे, तर पूर्वी त्याच्या भाषेत आज्ञा लिहाव्या लागत, आणि ती भाषा जाणणारा मिस्त्री पुण्याला नाहीतर बंगळूरला! आता पडद्यावरचे चौकोन ओढून एकापुढे एक मांडले की भागते. अर्ज आला, तर यादीत नोंदव. दाखला नसेल, तर कळव. शाळेत ज्या ‘जर-तर’ने मुलांना छळले, त्याला असे दिवस आलेले पाहून आम्हा व्याकरणवाल्यांना मूठभर मांस चढले आहे.

या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे १९७९ चे ‘व्हिसीकॅल्क’. डॅन ब्रिकलिन हार्वर्डमध्ये शिकत होता. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचे कोष्टक मांडीत. एक आकडा चुकला की पुढचे सारे पुसून पुन्हा हिशेब. कोष्टकाने स्वतःलाच दुरुस्त करून घ्यावे, असे त्याला वाटले, आणि बॉब फ्रँकस्टनच्या साहाय्याने त्याने ते साधले. तेव्हापासून कितीतरी हिशेबनीस नकळत संगणकाला आज्ञा देऊ लागले.

आमच्या कार्यालयात शिष्यवृत्तीचे अर्ज पाहणाऱ्या एक बाई आहेत. आष्टी-कारंज्याकडची मुले एस.टी.ने येतात. उत्पन्नाचा दाखला राहिला, हे शेवटच्या तारखेला उमगायचे, आणि तेवढ्यावरून एखाद्याचे शिक्षण सुटायची वेळ यायची. बाईंनी दिवाळीच्या सुट्टीत पुतण्याला शेजारी बसवून एक फॉर्म, एक तक्ता आणि आपोआप जाणारा ई-मेल असे तीन दुवे जोडले. आता दाखला नसला की त्याच संध्याकाळी मुलाच्या फोनवर निरोप! बाईंजवळ संगणकाची पदवी नाही. मूल नेमके कुठे अडते हे मात्र त्यांना ठाऊक होते, आणि बाहेरून येणाऱ्या तंत्रज्ञाला तेच सांगून कळत नाही.

आता या साधनांना चरख्याच्या अटी लावून पाहा. चालवायला सोपे? निःसंशय. किंमत? थोड्या कामापुरते बहुधा फुकट. व्याप वाढला की माणशी दरमहा भाडे सुरू. टिकाऊपणाच्या अटीपाशी मात्र गाडे अडते. गूगलचे ‘अ‍ॅप मेकर’ याच जातीचे साधन होते. १९ जानेवारी २०२१ रोजी कंपनीने ते बंद केले आणि त्यावर उभारलेली लोकांची कामेही त्याबरोबर थांबली. चरखा मोडला तर गावचा सुतार असतो. इथे सुतारही कंपनीचा आणि लाकूडही कंपनीचे. शिवाय मुलांच्या घरचे उत्पन्न, जात, बँकेचा खाते क्रमांक हे सगळे दूरच्या कोठारात जाऊन पडते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला खरा. पण फॉर्ममध्ये अनावश्यक प्रश्न विचारू नये, एवढे तारतम्य कायद्याआधीही बाळगता आले असते.

बाईंनी ते बाळगले आहे. जातीचा रकाना त्यांनी काढून टाकला. तो दाखला त्या समक्ष पाहतात. दर शनिवारी तक्त्याची प्रत कार्यालयाच्या संगणकात उतरवतात आणि कोणता दुवा कशाला जोडला, त्याची आकृती शंभर पानी वहीत काढून ठेवतात. उद्या बदली झाली तर नव्या माणसाने वही उघडावी, म्हणून. पासवर्ड तेवढा वहीत नाही. तो प्राचार्यांकडे बंद पाकिटात आहे.