समुद्रतळावरचे उघड्या दाराचे घर

पेला पालथा करून बादलीतल्या पाण्यात सरळ खाली दाबा. पाणी आत जरासे चढते, पण पेला भरत नाही. आत अडकलेली हवा त्याला अडवते. अमेरिकेत फ्लोरिडातील की लार्गोजवळ, सुमारे १९ मीटर खोल तळावर उभी असलेली ‘ॲक्वेरियस’ प्रयोगशाळा याच तत्त्वावर चालते. शास्त्रज्ञ तिथे आठ-दहा दिवस मुक्काम करतात आणि समुद्रात उतरायचे खालचे दार चक्क उघडे असते.

समुद्रात दर १० मीटरला दाब साधारण एका वातावरणाइतका वाढतो. १० मीटरवर आपला पालथा पेला पाण्याने अर्धा भरेल, कारण आतली हवा दबून निम्म्या जागेत मावते. हे टाळायचे तर आत आणखी हवा भरत जायची, दाराशी असलेल्या पाण्याइतका तिचा दाब होईपर्यंत. ॲक्वेरियसमध्ये तो आपल्या घरातल्या हवेच्या सुमारे अडीच पट असतो. पाणी उंबऱ्याशी येऊन थांबते.

त्याची किंमत मोजते ते राहणाऱ्याचे शरीर. दाबाखालच्या हवेतला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळतो. साधारण दिवसभरात शरीर त्याने पुरते भरते. मग एक दिवस राहा की दहा, फरक पडत नाही. पण तडक वर आलात, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे सुटतात. त्यातून सांधे दुखतात, अर्धांगवायू होऊ शकतो, प्रसंगी जीव जातो. म्हणजे दाढ ठणकली, घरून वाईट बातमी आली, तरी डोक्यावर दिसणारा उजेड गाठता येत नाही. आधी दार लावून दाब हळूहळू उतरवावा लागतो. त्याला सुमारे १७ तास लागतात. गंमत अशी, की त्यानंतर दार उघडण्यासाठी आतला दाब पुन्हा वाढवतात आणि नायट्रोजन नव्याने मुरायच्या आत मंडळी पोहत वर येतात.

आणखी खोल गेले की साधी हवाच घातक ठरते. अमेरिकी नौदलाचे ‘सीलॅब-२’ १९६५ मध्ये कॅलिफोर्नियाजवळ सुमारे ६२ मीटरवर होते. तिथे, सात पट दाबाखाली, नायट्रोजन दारूसारखा चढतो आणि नेहमीच्या प्रमाणातला ऑक्सिजन फुप्फुसांना बाधतो. म्हणून घरात मुख्यतः हेलियम भरला आणि ऑक्सिजन जेमतेम काही टक्के ठेवला. दाबामुळे तेवढाही पुरतो! हेलियमने आवाज मात्र बदकासारखा होतो. तिथे राहिलेले अंतराळवीर स्कॉट कार्पेंटर यांनी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्याशी फोनवर बोलताना हाच आवाज ऐकवला. हेलियम अंगातली उष्णताही भराभर ओढून घेतो, त्यामुळे उबदार खोलीतही हुडहुडी भरते.

आपल्या मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रांत खोल पाण्यात दीर्घकाळ काम करणारे पाणबुडे हेच गणित वापरतात. त्यांचे घर मात्र जहाजावर असते: दाब भरलेली बंद कोठी. तिथूनच बंद घंटेत बसून ते तळाशी जातात, कामाची पाळी संपवून त्याच दाबात परततात आणि काम पूर्ण झाल्यावर दाब उतरेपर्यंत काही दिवस कोठीतच काढतात.