दूध बंद केल्यावर
स्वमग्न मुलांचे काही पालक गहू आणि दूध दोन्ही बंद करतात. त्याने स्वमग्नता कमी होते, असा भक्कम पुरावा नाही. तरीही करायचंच असेल, तर उणीव कुठे पडते ते पाहावं. गव्हाची जागा ज्वारी-बाजरी सहज घेतात. खरी अडचण दुधाची. कपभर दुधातून सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. १०० ग्रॅम नाचणीत त्याहून थोडं जास्तच असतं, पण मोजकंच खाणारं मूल एवढी नाचणी खाईल तेव्हा ना! म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व वरून द्यावं लागू शकतं. मात्र अ आणि ड ही जीवनसत्त्वं शरीरात साठून राहतात; ब-६ चा अतिरेक मज्जातंतूंना इजा करतो. बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय जीवनसत्त्वांची ‘ताकदीची’ बाटली आणू नका.