मुलांचें संग्रहालय

संग्रहालय म्हटलें कीं काचेचीं कपाटें आणि ‘हात लावूं नये’ ही पाटी डोळ्यांपुढें येते. परंतु वस्तु उचलून, उलटून, वाजवून पाहिल्यावांचून लहान मुलास तिची खरी ओळख पटत नाहीं. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथें १८९९ सालीं खास मुलांकरितां पहिलें संग्रहालय निघालें. बोस्टनचें १९१३ मध्यें. बोस्टनच्या संग्रहालयाचीं सूत्रें १९६२ सालीं मायकेल स्पॉक यांजकडे आलीं. वाचनाच्या अडचणीमुळें त्यांस स्वतःस बालपणीं पुस्तकी शिक्षण जड गेलें होतें. त्यांनीं वस्तू काचेबाहेर काढून मुलांच्या हातीं दिल्या. १९६४ च्या एका प्रदर्शनांत तर पाव भाजण्याचें यंत्र, बेसबॉलचा चेंडू अशा नित्याच्या वस्तूंचें अंतरंगच उघडून मांडलें होतें.

अशा ठिकाणीं परीक्षा होते ती आईबापांच्या धीराची. सर्व दालनें पाहून घेण्याची घाई त्यांना असते. मूल मात्र पाण्याच्या एखाद्या पाटापाशीं अर्धा तास रमतें. पाट अडविला कीं पाणी चढतें, मोकळा केला कीं होडी वाहूं लागते, हें तें दहादां करून पाहतें. पहिल्या खेपेस त्यांत गंमत असते, दुसऱ्या खेपेस शंका, आणि तिसऱ्या खेपेस पडताळा. हा पडताळा म्हणजेच शास्त्राचा आरंभ होय. त्या क्षणीं वडील माणसांनीं घाईनें उत्तर सांगितलें, तर मुलाचा शोध तेथेंच थांबतो. ‘आतां काय होईल?’ एवढें विचारावें आणि स्वस्थ पाहत बसावें. एका दिवसांत एकच दालन झालें, तरी भेट सार्थकीं लागली असें समजावें.